वाढणारा मागून जेवतो

बेबीताईनं पिशवीत वांगी टाकली, टमाटे टाकले, मेथीची जुडी वरून आडवी ठेवली आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी उभीच राहिले. बेबीताईकडून भाजी घेतल्यावर असं थोडं उभं राहायचं असतं, कारण शेवटी सांबार येतो. सांबार म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. आमच्या वऱ्हाडात तो सांबार, आणि तो विकत घ्यायची पाळी आली तर भाजीवालीशी आपलं काही खरं नाही असं समजावं. इतक्या वर्षांत बेबीताईनं सांबार दिला नाही असं झालं नव्हतं. भर उन्हाळ्यात भाव आभाळाला टेकतात तेव्हासुद्धा चार काड्या तरी पिशवीत पडायच्या. आज तर ढीगच्या ढीग तिच्या गुडघ्याशी पडला होता, हिरवागार, नुकतं पाणी मारलेला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही आणि माझ्या मागच्या बाईला विचारलं, “तुमाले काय पायजे, बाई?”

“बेबीताई, सांबार,” मी म्हणाले. हसतच म्हणाले, मला वाटलं विसरली.

“नाई आहे.”

“मग हा काय?”

“तो आहे,” ती म्हणाली, “पण तुमाले नाई.”

मागची बाई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी भाजीत हात घालून पळणार होते. मी निघाले. वकिली करून करून माझी कातडी बरीच जाड झाली आहे. विरुद्ध पक्षाच्या माणसांनी मला कोर्टाच्या पायऱ्यांवर काय काय म्हटलं आहे ते मी घरी सांगत नाही, आणि अशा दिवशी मला जेवण जरा जास्तच जातं. पण चार काड्या सांबारासाठी माझे डोळे भरून आले, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून मी अमरावतीच्या त्या सकाळच्या उन्हात काळा चष्मा लावला. चष्मा नंबरचा नव्हता, त्यामुळे घरापर्यंत दोनदा ठेचकाळले.

कारण मला माहीत होतं. बार्शीटाकळीच्या पलीकडच्या एका गावात देवळापुढे रोडग्याचं जेवण झालं होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, कढईभर वरण. त्या वरणात कपाशीवर मारायचं औषध निघालं. नऊ माणसं गेली. त्यात बेबीताईच्या धाकट्या बहिणीचा, शकुनचा नवरा गेला आणि मुलगा गेला. त्या दिवशी बेबीताई दुकान मांडून बसली होती आणि फोन आल्यावर तिला उठताच आलं नाही. मीच तिच्याजवळ बसले, मीच तिची भाजी झाकली, मीच तिला अकोल्याच्या गाडीत बसवलं. त्या दिवशी वरण वाढणाऱ्या, गावातल्याच कुंदन नावाच्या माणसाला पोलिसांनी पकडलं. आणि आता त्या कुंदनची वकील मी आहे.

ही केस माझ्याकडे चालत आली तीही गमतीनंच. कुंदनजवळ वकील लावायची ऐपत नव्हती, म्हणून सरकारी खर्चानं द्यायचा होता. जवळपासच्या वकिलांना विचारलं, तर ज्याला त्याला काहीतरी झालं. एकाचा गुडघा, एकाची साखर, एकाच्या मुलीचं लग्न, जिचं अजून ठरलेलंही नव्हतं. असं करत करत नाव शेजारच्या जिल्ह्यात, माझ्यापर्यंत आलं. माझ्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. मी हो म्हटलं, आणि हो म्हणताना मला फार काही उदात्त वाटलं नाही. फाशी होऊ शकते अशा माणसाच्या बाजूनं कोणीतरी उभं राहायला पाहिजे, एवढंच वाटलं, पंगतीत पाणी वाढायला कोणी नाही म्हणून आपण उठावं तसं. बेबीताईला मात्र मी सांगितलं नाही. काल शकुनची साक्ष सुरू झाली, तिनं मला कुंदनच्या बाजूला बसलेलं पाहिलं, आणि रात्रीतून तिचा बहिणीला फोन गेला असणार. आज मला अकोल्याच्या कोर्टात शकुनची उलटतपासणी घ्यायची होती.

“मग वरणात आज काय, कढीपत्ता?” गजेंद्रनं पिशवी पाहून विचारलं. माझा नवरा मास्तर होता, निवृत्त झाला, आता घरात मी एकटीच विद्यार्थी उरले आहे. मी त्याला सांगितलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. “तब्येतीचं कारण दे न,” तो म्हणाला. “अजूनही वेळ आहे. तारीख मागून घे. दुसऱ्या कोणाले विचारू दे तिले जे विचारायचं ते.” मी म्हटलं, तब्येतीची सगळी कारणं लोकांनी आधीच वापरून टाकली, आता माझ्यासाठी फक्त बाळंतपण उरलं आहे. तो हसला, पण हसून झाल्यावर म्हणाला, “मंजुषा, बेबीताई आपल्या घरची माणूस आहे. तिच्या बहिणीले तू खोटी पाडशीन. उद्या कोणत्या तोंडानं वांगे आणशीन?” हा प्रश्न मला न्यायालयात कोणी विचारला नसता; मी बॅग उचलली आणि स्टँडकडे निघाले.

अकोल्याच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. एरवी खिडकी मिळाली की मी बडनेरा यायच्या आत झोपते. आज झोप आली नाही. बाहेर काळी रानं, मधे कुठे तुरीचा पट्टा, कुठे कपाशीत वाकलेल्या बाया. मांडीवर माझी बॅग होती आणि तिच्यात शकुनला विचारायचे प्रश्न होते. ते मी चांगले तयार केले होते, मला माझं काम येतं. तिचे डोळे अधू आहेत, हे होतं. गोवऱ्यांचा धूर होता, हे होतं. तिच्या नवऱ्याचं आणि कुंदनचं धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, भांडण होतं, म्हणजे तिला कुंदनवर राग असायला कारण होतं, हेही होतं. एकामागून एक विचारले की शेवटी शकुन ही नवरा आणि पोरगा गमावलेली बाई राहत नाही, एक आंधळी, चिडखोर, खोटं बोलणारी बाई होते. असं करता येतं. मी ते केलेलं आहे, आणि त्यातून कधीकधी निरपराध माणूस सुटलाही आहे. पण ज्या बाईच्या बहिणीची भाजी मी झाकली तिचं असं करायचं म्हटल्यावर मी बॅग मांडीवरून उचलून पायाशी ठेवली. मी कंडक्टरला विचारलं, गाडी लागते का या रस्त्यावर लोकांना. तो म्हणाला, “रस्ता लागते मॅडम, गाडी नाई लागत.”

कुंदन आवडण्यासारखा माणूस असता तरी बरं झालं असतं. लोकांना वाटतं, वकिलाला आतून कळतं, अशील खरा की खोटा. मला काहीही कळत नाही. तुरुंगात मी त्याला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यानं मला आधी माझं वय विचारलं, मग मोठा वकील का नाही मिळाला ते विचारलं, मग तिथल्या वरणाची तक्रार केली. वरणाची. मी त्याच्याकडे पाहत राहिले. “केलं का तू?” असं मी विचारत नाही कोणाला, त्यालाही विचारलं नाही. तो आपणच म्हणाला, “शकुनकाकूचा नवरा मेला त्याचं मले काई दुःख नाई, खोटं काहून बोलू? पण पोट्टं गेलं त्याचं आहे. बाकीच्यायचं आहे.” मग तो थोडा वेळ खिडकीच्या गजांशी खेळला आणि म्हणाला, “जेवलो नाई म्हणून वाचलो मॅडम, अन् वाचलो म्हणून अडकलो.” हे इतकं नेमकं होतं की मला ते पाठ करून आलेलं वाटलं. आणि मग वाटलं, ज्याला रोज रात्री एकच गोष्ट आठवते त्याचं वाक्य आपोआपच घोटून घोटून नेमकं होत असेल. दोन्ही वाटलं. अजून दोन्ही वाटतं.

मूर्तिजापूरला बस थांबली आणि कोणीतरी आलूबोंडे घेऊन चढलं. वरून चिरलेला सांबार भुरभुरलेला. पूर्ण बसमध्ये तो वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांनाही. अपमान झाला असतानाही भूक लागते ही माझी जुनी खोड. मी दोन घेतले. आणि तो हिरवा वास नाकात गेल्याबरोबर मला माझे बाबा दिसायला लागले, केशवराव, चांदूर बाजारच्या अलीकडचे, धोतराचा काचा मारलेले, एका हातात वरणाची बादली आणि दुसऱ्या हातात ओगराळं. आसपासच्या कुठल्याही गावात पंगत असली की वरण वाढायला माझे बाबा. संत्र्याचा बगीचा टाकून जायचे. आई म्हणायची, लोक जेवायला जातात, हे वाढायला जातात. मी बारकी होते आणि माझा हट्ट असा की बाबा जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. आणि बाबा तर सगळ्यांच्या शेवटी जेवायचे. सगळी पंगत उठायची, बाया जेवायच्या, पत्रावळी उचलल्या जायच्या, आणि मग बाबा गार झालेला रोडगा फोडून बसायचे आणि मला जवळ घ्यायचे. तोपर्यंत मी भुकेनं रडून रडून झोपायला आलेली. “जेवून घ्या न बाबा आधी,” मी म्हणायची. ते म्हणायचे, “वाढणारा आधी जेवला तं त्याचा हात आखडते बेटा.”

एकदा पंगतीच्या टोकाला एक माणूस येऊन बसला. त्यानं सख्ख्या भावाला मारलं होतं, शिक्षा भोगून परत आला होता. त्याच्या शेजारचे दोघे उठून दुसरीकडे गेले. भाजीवाला त्याला गाळून पुढे गेला, रोडगेवालाही गेला. बाबा आले, थांबले, म्हणाले, “घ्या जी, गरम आहे,” आणि त्याच्या रिकाम्या पत्रावळीवर नुसतंच वरण वाढलं. ते चहूकडे पळायला लागलं. तो बिचारा दोन्ही हातांनी बांध घालतोय आणि बाबा रोडगेवाल्याला हाका मारताहेत. लोक हसायला लागले, तोही हसला, आणि मग रोडगाही आला. नंतर कोणीतरी बाबांना बोललंच. बाबा म्हणाले, “वाढणाऱ्यानं पत्रावळीकडं पाहावं. तोंडाकडं पाहाले पोलीस पाटील आहे.” हे ऐकून मी वकील झाले असं सांगायला फार छान वाटलं असतं. पण मी वकील झाले ती मला सायन्सला मार्क कमी पडले म्हणून आणि भांडायला आवडायचं म्हणून. शिवाय बाबांच्या बादलीत वरण होतं, ते त्यांना माहीत होतं. माझ्या बादलीत काय आहे ते मला कुठं माहीत आहे? मी कुंदनला सोडवलं आणि त्यानंच ते केलं असलं तर? त्या गावात पुन्हा पंगत बसेल, आणि तो पुन्हा वाढायला उठेल. हा विचार मनात आला आणि दुसरा आलूबोंडा मी तसाच कागदात धरून बसले.

बोरगाव मंजू गेलं आणि माझ्या हातातल्या कागदाकडे माझं लक्ष गेलं. बोंड्याच्या वरचा सांबार कागदाला चिकटला होता. शकुननं काल काय सांगितलं होतं? “कुंदननं वाढाच्या आधी कढईत मूठभर काहीतरी टाकलं. मी माह्या डोयानं पाह्यलं. अन् सगळे जेवले, तो जेवला नाई.” पोलिसांनी हे लिहून घेतलं, सरकारी वकिलानं हे ठासून विचारलं, मी त्याच्यावर धूर आणि मोतीबिंदू आणि धुरा असे सगळे दगड गोळा केले. आणि आम्ही सगळे वऱ्हाडातले, सगळे पंगतीत जेवून मोठे झालेले. वरणाची कढई उतरताना मूठभर काय टाकतात? आणि वाढणारा कधी जेवतो? माझ्या घरात वरण वाढणारा बाप होता आणि ही केस मी तीन महिने वाचत होते. मी एकटीच हसले. खरं म्हणजे बेबीताईनं सकाळी सांबार दिला असता तर मला सांबाराची आठवण दिवसभर राहिली नसती.

कोर्टात शकुन पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा मला आधी तिचं नाक दिसलं, बेबीताईचंच नाक. पदर खोचायची तऱ्हाही तीच. माझ्याकडे तिनं एकदाच पाहिलं आणि मग न्यायाधीशांच्या मागच्या भिंतीकडे. मी उठले. मी प्रश्नांचे कागद टेबलावर पालथे घातले, पण जवळच ठेवले. तिनं नाही म्हटलं असतं तर मी ते उलटून सगळे विचारले असते, धुऱ्यासकट. मागं आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेल्या कुंदनचा जीव माझ्याजवळ होता, आणि तो आवडत नाही म्हणून मला त्यातलं काही कमी करता येत नव्हतं.

“शकुनताई, तुमच्या गावात रोडग्याच्या जेवणाला वरण करतात, ते कढई उतरवताना वरून काय टाकतात?”

तिला प्रश्न विचित्र वाटला. “काय टाकते? सांबार टाकते.”

“चिरलेला? किती?”

“मोठ्ठ्या कढईले चांगला मूठभर लागते. दोन मुठी.”

“कोण टाकतं?”

“जो वाढते तो.” ती थांबली. मलाही थांबावंसं वाटलं. “वाढाच्या आधी तोच टाकते.”

“आणि जो वाढतो, तो जेवतो कधी?”

सरकारी वकील अर्धवट उठले. शकुनचा हात कठड्यावर होता, तो तिनं घट्ट धरला. तिला कळलं होतं. ती नाही म्हणू शकत होती. कोणी तिला दोष दिला नसता, मी तर मुळीच नाही. तिनं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

“मांगून जेवते,” ती म्हणाली. “सगळ्यायचं झाल्यावर. माहा नवरा वाढे तवा तोही मांगूनच जेवे.” आणि मग न्यायाधीशांकडे वळून, “म्हणजे साहेब, मी काल खोटं बोलली का?”

“नाही बाई,” साहेब म्हणाले. “तुम्ही पाहिलं तेच सांगितलं.”

“मंग तुमी सांगा,” ती मला म्हणाली. “त्यानं केलं का नाई केलं?”

सगळे माझ्याकडे बघत होते, कुंदनही. मला कळत असतं तर मी सांगितलं असतं, कायदा गुंडाळून सांगितलं असतं. “मला माहीत नाही शकुनताई,” मी म्हणाले. न्यायाधीशांनी मला हे बोलायची गरज नव्हती असं सांगितलं, आणि मी क्षमा मागितली. उलटतपासणी संपली. कागद पालथेच राहिले. पोलीस कुंदनला घेऊन जात होते तेव्हा तो माझ्यापाशी रेंगाळला. “बरोबर सांगतलं काकूनं,” तो म्हणाला. “सांबारच व्हता.” आणि दारातून वळून, जरा हसून, “जास्तच टाकला व्हता मी.” ते हसू सुटकेचं होतं की दुसरं कसलं ते मी बसमध्ये अमरावतीपर्यंत ठरवत होते. ठरलं नाही. केस अजून चालायची आहे, औषध कोणी टाकलं ते अजून कोणालाच माहीत नाही, आणि मी पुढच्या तारखेलाही जाणार आहे.

दिवेलागणीला मी बेबीताईचं दुकान टाळून दुसऱ्या रस्त्यानं जाणार होते. पाय तिकडेच गेले. ती उरलेली भाजी गोणपाटात बांधत होती. “शकुनचा फोन आला व्हता,” ती मान वर न करता म्हणाली.

“काय म्हणाली?”

“म्हणे, वकीलबाईनं मले विचारलं अन् मी खरं सांगतलं. मंग म्हणे, मले रातभर झोप नाई येणार. मंग रडली.” तिनं गाठ मारली. “तुमाले येईन झोप?”

“नाही येणार.”

“नाईच आली पायजे,” बेबीताई म्हणाली, आणि तिचं थोडं समाधान झालेलं दिसलं. मी तिथंच उभी होते. ती म्हणाली, “मी कोणाचा खून केला असता तं माहीही केस घेतली असती तुमी?”

“घेतली असती.”

“अन् मेला तो तुमच्या घरचा असता तं?”

“तर मग माझा गुडघा दुखला असता,” मी म्हणाले. खरं तेच होतं. बेबीताईला हसू आलं, ते तिला आवडलं नाही, आणि तिनं ते पदरानं पुसून टाकलं. मग गोणपाटाची गाठ सोडून तिनं सांबाराची एक जुडी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला तशी तिनं ती मागे घेतली.

“दहा रुपये.”

“पाचला दे. सुकला आहे.”

“दहा. घ्याचा तं घ्या, नाई तं ठेवा.”

मी दहा रुपये दिले आणि आयुष्यात पहिल्यांदा बेबीताईकडून सांबार विकत घेतला. फुकटचा पुन्हा कधी मिळेल, मिळेल की नाही, कोण जाणे. पण तिनं मला विकला, आणि मी पिशवी हलवत हलवत घरी गेले.

घरी वरण केलं. सांबार बारीक चिरला, पातेलं उतरवताना वरून टाकला, चांगला मूठभर. गजेंद्रला ताट वाढलं. दिवसभराचं सगळं त्याला स्वयंपाक करता करता सांगून झालं होतं, त्यानं “बरं केलं” असं दोनदा म्हटलंही होतं. त्यानं घास कालवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“तू नाही बसत?”

“मी मागून जेवते,” मी म्हणाले. “तू सुरू कर.”

त्याचा हात ताटात थांबला. अगदी थोडा वेळ, एरवी मला दिसलाही नसता. तीस वर्षांचा संसार आहे आमचा. मी ओगराळं हातात धरून तशीच उभी राहिले, आणि त्याला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्याचे कान लाल झाले.

“वाढ की अजून,” तो म्हणाला, आणि जेवायला लागला.